टिळकवाडीतला हंग गारचा क्लास: वाघाचा पंजा हवा असेल तर आधी पाय पक्के करा

बेळगावात कराटे आणि तायक्वांदोचे क्लास भरपूर आहेत, पण हंग गार शिकवतात हे टिळकवाडीत कळल्यावर मी लगेच नाव घातलं. संध्याकाळच्या बॅचला जातोय, अख्खा पावसाळा तिथं काढलाय, म्हणून लिहितोय.

हंग गार हे दक्षिण चीनमधलं, ग्वांगडोंगकडचं कुंग फू. वाघ, क्रौंच, बिबट्या, साप आणि ड्रॅगन अशा पाच प्राण्यांच्या चाली त्यात आहेत, पण खरी ओळख वाघ आणि क्रौंचाच्या जोडीची. नवीन पोरं येतात ती वाघाचा पंजा बघून, आणि सर तो लवकर देतच नाहीत. आधी हॉर्स स्टान्स. पाय खांद्यापेक्षा रुंद, पंजे समोर, पाठ ताठ, मांड्या जमेल तितक्या आडव्या आणि तसंच थांबायचं, मांड्या थरथरायला लागल्या की सर मागून येऊन कुणाला कन्नडमध्ये "इन्नू स्वल्प केळगे" आणि कुणाला "अजून खाली बस की रे" म्हणणार. तालमीत वस्ताद जोर-बैठका काढून घेतात तसंच हे. बरेच पालक इथंच पोराचं नाव काढतात. माझ्या मते सरांचं बरोबर आहे, कारण पंज्यातली ताकद बोटांची नसतेच, ती पायातून कमरेत आणि कमरेतून तळहाताच्या टाचेत येते, मग वाकवलेली बोटं पकडून खेचतात. पाय कच्चे असतील तर नुसते हातवारे होतात.

क्रौंच एकदम उलटा. एका पायावर तोल, पाची बोटं जुळवून चोच, समोरच्याचा हात मनगटाने बाजूला वळवायचा आणि चोच डोळा, कानशील असल्या नाजूक जागी. जोराला जोर लावायचा नाही. आमच्यात वडगावची एक बारीक मुलगी आहे, तिच्या दुप्पट पोराचा ठोसा वळवून ती त्याच्या कुशीला जाऊन उभी राहते, बघतच राहावं असं.

सर हंग गारचा गाजलेला गुरू वोंग फेई-हुंगबद्दल (1847–1925) पण सांगतात, सिनेमातला नव्हे तर खरा, जो फोशानचा वैद्यही होता, आणि त्याचा शिष्य लाम साई-विंग, ज्याच्यामुळे वाघ-क्रौंचाचा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या चालींचा क्रम, पुढं पसरला. नुसतं सांगत नाहीत, कुणाचं मनगट दुखत असलं तर त्या दिवशी त्याला फक्त स्टान्सवर ठेवतात. मार खात शीक असला प्रकार इथं अजिबात नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता त्रास काय ते. क्लास गच्चीवर पत्र्याखाली आहे, जुलैच्या पावसात सर काय बोलतात ते मागच्या ओळीला ऐकूच येत नाही. आणि फरशी ओली होते, मॅट नाहीत, एका पायावरचा सराव त्यावर धोक्याचाच, हे मी सरांना सांगितलंय आणि परत सांगणार आहे. निदान पावसाळ्यापुरत्या तरी मॅट घ्यायला पाहिजेत.

रंगीत पट्ट्यांच्या परीक्षा नाहीत, त्यामुळे वर्षात सर्टिफिकेट पाहिजे असेल तर हा क्लास नको. फी महिना 800, आगाऊ तीन महिन्यांची मागत नाहीत. खानापूरहून येणारी दोघं आहेत, त्यांना शेवटची बस मिळावी म्हणून सर वेळेत सोडतात. पैसे भरायच्या आधी एक दिवस जाऊन नुसतं बसा, सर बघू देतात.