सोलापूर रोडच्या नर्सरीतले सात फर्न (त्यातला एक फर्नच नव्हता), वर्षभरानंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, नर्सरीचं नाव लिहिणार नाहीये, कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि तिथल्या काकांनी मला वर्षभरात फुकटात एवढं शिकवलंय की त्यांना इथे नावानिशी झोडपायला जीव होत नाही. पुण्यात हडपसर सोडून उरुळी कांचनकडे निघालात की सोलापूर रोडला दोन्ही बाजूंनी नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, त्यातलीच एक, थेऊर फाट्याच्या थोडं पुढे. हा रिव्ह्यू त्यांच्याकडच्या फक्त फर्नचा आहे. गुलाब, जास्वंद, आंब्याची कलमं वगैरे मी घेतली नाहीत त्यामुळे त्याबद्दल विचारू नका.

झालं असं की मागच्या वर्षी जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनात लाकडाच्या फळीवर बांधलेला स्टॅगहॉर्न फर्न (सांबराच्या शिंगासारख्या पानांचा) बघितला आणि डोक्यात किडा शिरला. मग जुलैत संकष्टीला थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो, येताना नवऱ्याला म्हटलं पाचच मिनिटं थांबू. दीड तास थांबलो.

फर्नचं शेड बघूनच पागल व्हायला होतं खरं सांगते. वर हिरवी शेडनेट, धुकं सोडणारे फॉगर चालू, खाली फरशी ओलीचिंब, आणि डोक्यावर बोस्टन फर्नच्या लटकत्या कुंड्यांची रांगच रांग, आत शिरलं की ताम्हिणी घाटात श्रावणात गाडीची काच खाली केल्यावर येतो ना तसा वास. आणि इथेच माणूस फसतो, कारण ते झाड तुमच्या घरी नाही तर त्या धुक्यात एवढं सुंदर दिसत असतं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलंय.

मी हंसराज उचलला (ते काळ्या तारेसारखी देठं आणि नाजूक पंख्यासारखी पानं असतात तो, हंसपदी पण म्हणतात). काकांनी किंमत सांगायच्या आधी विचारलं, "ताई, पाणी कुठलं तुमच्याकडं?"

मी म्हटलं, म्हणजे?

"कॉर्पोरेशनचं का बोअरचं?"

आम्ही धायरीला. सकाळी कॉर्पोरेशनचं येतं थोडं, बाकी बोअर, आणि मार्च-एप्रिलपासून टँकर. तसं सांगितल्यावर काकांनी कुंडी माझ्या हातातून अक्षरशः काढून घेतली आणि म्हणाले, "मग हा नका नेऊ. मरतंय ते. मग मला शिव्या घालाल." बोस्टन न्या म्हणाले, बर्ड्स नेस्ट (घरट्यासारखा गोल वाढतो तो फर्न) न्या, ते सांभाळून घेतात. आता मला सांगा, पुण्यात कुठला दुकानदार हातातली वस्तू काढून घेतो? मी अर्थातच ऐकलं नाही. हट्टाने हंसराज घेतलाच, १८० रुपये. सोबत बोस्टन २५०, बर्ड्स नेस्ट ३५०, आणि फळीवरचा स्टॅगहॉर्न ६५०. घासाघीस केल्यावर एकूण रकमेतले तीस रुपये कमी केले आणि वर एक झेंडूचं रोप दिलं, ते का ते देव जाणे.

हंसराजाचं आधी सांगून टाकते. पावसाळाभर राजासारखा होता. नोव्हेंबरात कोल्हापूरला लग्नाला गेलो, चारच दिवस, आल्यावर बघते तर सगळा कुरकुरीत, चहाच्या पत्तीसारखा. रडायचीच बाकी होते. काकांना फोटो टाकला तर म्हणाले मुळापर्यंत कापा आणि बाथरूमच्या खिडकीत ठेवा, माती ओली राहू द्या पण चिखल नको. कापला. तीन आठवड्यांनी मातीतून गुंडाळलेली इवली इवली टोकं वर आली. याचं खोड जमिनीलगत असतं, वरची पानं गेली तरी ते जिवंत असलं तर पुन्हा फुटतं, त्यामुळे फेकून द्यायची घाई करू नका. पण एप्रिलात टँकर सुरू झाला आणि मग तो गेला तो गेलाच. काका जिंकले.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सगळं सांगते, कारण माझ्या मते फर्नचं अर्धं दुखणं हेच आहे आणि लोक खत बदलत बसतात. मी ऑनलाइन तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं) घेतलं. आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी शंभरच्या आसपास, बोअर सातशेच्या वर, आणि एकदा टँकरचं मोजलं तर नऊशे. हे क्षार कुंडीत साठत जातात, पाणी उडून जातं पण क्षार तिथेच, आणि फर्नची मुळं बारीक असल्याने आधी पानांची टोकं तपकिरी होतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडतंय म्हणून अजून तेच पाणी घालतात. मी आता पावसाळ्यात पावसाचं आणि उन्हाळ्यात एसीच्या पाइपाखाली बादली लावून ते पाणी वापरते, ते जवळजवळ क्षार नसलेलं असतं. आणि प्लीज, आरओचं वाया जाणारं पाणी फर्नला घालू नका, पाणी वाचवायचा हेतू चांगला आहे पण त्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात, त्याने लादी पुसा.

आता नर्सरीची पहिली तक्रार. त्यांचं स्वतःचं फर्न मिक्स मिळतं, पाच किलोची पिशवी १८० ला. अजिबात घेऊ नका. लाल माती आणि कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा) भुगा, बाकी काही नाही, पाणी घातलं की चिखल आणि वाळलं की वीट. बोस्टनला ते घातलं आणि महिन्यात खालची पानं पिवळी पडली, उपसून बघितलं तर मुळं काळी. गंमत म्हणजे काका स्वतः त्यांच्या झाडांना ते वापरत नाहीत, त्यांची सगळी झाडं निव्वळ कोकोपीटमध्ये असतात. विचारलं तर हसले नुसते. आता मी दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग चाळलेलं पालापाचोळ्याचं खत आणि ओंजळभर कोळशाचे बारीक तुकडे असं करते. कोकोपीटची वीट आणलीत तर दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्या, न धुतलेल्यात मीठ असतं. आणि नर्सरीतून आणलेली कोकोपीटवाली कुंडी घरी एकदा का पूर्ण वाळली की मग ती पाणी पीतच नाही, वरून घातलेलं सगळं कडेने खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं झालं पाणी घालून. अशी कुंडी हातात घेतली की हलकी फूल लागते. तेव्हा अख्खी कुंडी बादलीत वीस मिनिटं बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबले की काढायची.

दुसरी तक्रार होम डिलिव्हरी. जानेवारीत व्हॉट्सअॅपवर ऑर्डर दिली, अजून एक बोस्टन (बहिणीला द्यायला), एक बटन फर्न आणि यादीत नुसतं 'लेस फर्न' लिहिलेलं एक. डिलिव्हरीचे २५० वेगळे. झाडं आली उघड्या टेम्पोतून, दुपारी तीन वाजता, जानेवारीचा कोरडा वारा खात खात पार हडपसरपासून धायरीपर्यंत. बोस्टनची अर्धी पानं मोडलेली आणि उरलेली वाऱ्याने करपलेली. हा बोस्टन फर्न म्हणजे मुळात १८९४ साली अमेरिकेत बॉस्टनजवळ पोचलेल्या फर्नच्या पार्सलमध्ये एक नग जरा वेगळा, लांब झुकलेल्या पानांचा निघाला, तिथून पुढे जगभर पसरला. त्यांना पार्सलमधून नवीन जात मिळाली, मला पार्सलमधून काड्या मिळाल्या. बहिणीला काय देणार कपाळ, ठेवला माझ्याकडेच. सगळं छाटून टाकलं, आता बरा आहे.

आणि तो लेस फर्न! मे महिन्यात त्याला बारीक पांढरी फुलं आली. फर्नला फुलं? फर्नला, म्हणजे आपल्या नेच्याला, फूल येतच नाही, शाळेत टेरिडोफायटा म्हणून घोकलं होतं एवढं तरी आठवतंय. ती निघाली अॅस्परॅगस, म्हणजे आपल्या शतावरीची बहीण. नीट बघितलं तर देठावर बारीक काटे पण होते. खरं तर सगळीकडेच हिला फर्न म्हणून विकतात, पण लेबल लावताना काकांसारख्या माणसाने तरी लिहायला हवं होतं कारण हिला फर्नपेक्षा उजेड जास्त लागतो आणि पाणी कमी, मी बिचारीला चार महिने अंधाऱ्या कोपऱ्यात भिजवत ठेवली. तरी जगली, शतावरीच ती.

बटन फर्न मात्र मेला आणि त्यात चूक माझीच. फर्न म्हणजे ओलं ओलं ओलं हे डोक्यात एवढं बसलेलं की तो न्यूझीलंडचा, जरा कोरड्यात राहणारा आहे हे कोण बघतंय. मुळं सडली.

आता चांगलं सांगते. बर्ड्स नेस्ट हा त्यांच्याकडचा सगळ्यात भारी माल. घट्ट, पोपटी, पानं निर्दोष, वर्षभरात दुप्पट झालाय. एकच पथ्य, पाणी मधल्या वाटीत ओतायचं नाही, कडेने मातीत घालायचं, नाहीतर मधला कोंब कुजतो. मार्चमध्ये याच्या पानामागे तिरक्या तिरक्या तपकिरी रेघा दिसल्या, सासूबाई म्हणाल्या कीड लागली, सोसायटीच्या माळ्याला बोलावलं, तो फवारा घेऊन हजर. नशीब मी आधी काकांना फोटो टाकला. त्यांची व्हॉइस नोट आली, "ताई ते बी हाय त्याचं, काय मारू नका." बी नाही खरं तर, बीजाणू, पण मुद्दा बरोबर. ओळखायचं कसं तर बीजाणूंची नक्षी शिस्तीत असते, बर्ड्स नेस्टला रेघा, बोस्टनला पानाच्या कडेलगत ओळीने ठिपके. खवले कीड वेडीवाकडी कुठेही बसते, देठावर पण, आणि नखाने खरवडली तर निघून येते, हाताला चिकट लागतं. ती दिसली तर आधी कापसाने पुसून काढा, फर्नची पानं औषधाने पटकन करपतात.

स्टॅगहॉर्नबद्दल काकांनी निघताना एकच सांगितलं होतं, खालची गोल पानं तपकिरी झाली तरी काढायची नाहीत. तेवढं ऐकलं. ती ढालीसारखी पानं वाळतात पण मुळं झाकतात, वरून पडलेला पालापाचोळा धरून ठेवतात आणि त्यावरच झाड जगतं. आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळ्यात झाडांच्या फांद्यांवर बाशिंग दिसतं ना, त्याची खालची वाळकी पानं पण हेच काम करतात, फक्त हा ऑस्ट्रेलियाकडचा. आठवड्यातून एकदा फळीसकट बादलीत बुडवते, उन्हाळ्यात दोनदा. कामवाल्या मावशी दर वेळी म्हणतात, "वहिनी, ते सुकलेलं काढून टाकू का?" मी दर वेळी धावत जाते.

मे महिना कसा काढला म्हणाल तर गोणपाट. आमची बाल्कनी उत्तरेला आहे तरी दुपारची कोरडी हवा पानं खाऊन टाकते. स्प्रेने पाणी मारून काही होत नाही, दहा मिनिटांत सुकतं, फक्त आपल्याला बरं वाटतं. मग सगळ्या कुंड्या एका कोपऱ्यात जवळ जवळ ठेवल्या, खाली खडी आणि पाण्याचे ट्रे, आणि ग्रिलला ओलं गोणपाट बांधलं, पूर्वी वाळ्याचे पडदे लावायचे तसं. घर दळभद्री दिसत होतं असं नवऱ्याचं मत आहे. फर्न वाचले.

जाणार असाल तर जून-जुलैत जा, झाडाला घरच्या हवेची सवय व्हायला तीन-चार महिने तरी मिळतात. रविवारी नको, काका बोलायला सापडत नाहीत आणि ती पोरं कशालाही 'सगळं चालतंय' म्हणतात. यूपीआय चालतं. डिलिव्हरी घेऊ नका, मिक्स घेऊ नका, झाडं स्वतः निवडा, पान उलटं करून बघा. पाचपैकी पावणेचार, त्यातले दोन एकट्या काकांचे.

परवा परत गेले होते. मोडक्या बोस्टनची भरपाई म्हणून काकांनी न मागता एक छोटा बर्ड्स नेस्ट दिला. मग मी हळूच विचारलं, हंसराज आहे का?

"टँकर बंद झाला का तुमचा?"

म्हटलं, पावसाळ्यापुरता.

"मग नाही," म्हणाले. त्यांच्या मागेच फॉगरखाली वीस-पंचवीस कुंड्या दिसत होत्या.