रिस्टोअर न होणारा कॉम्प्युटर कोरा करून टाकला: हापूसच्या एका हंगामानंतरचा अनुभव

व्हायरस शिरलेला कॉम्प्युटर 'सिस्टिम रिस्टोअर'ने (विंडोजला मागच्या तारखेच्या स्थितीत नेणारी सोय) ताळ्यावर येत नसेल तर त्याच्या मागे लागून दिवस घालवू नका. फाईली बाहेर काढा, डिस्क पूर्ण कोरी करा आणि विंडोज नव्याने टाका. गेल्या गणपतीत आम्ही हेच केलं आणि नंतर आंब्याचा अख्खा हंगाम त्याच मशिनवर काढला, म्हणून ठामपणे लिहितोय.

आमचं घर देवगड तालुक्यात. डेस्कटॉपवर पेट्यांच्या ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, मजुरीचा हिशोब आणि घरातले जुने फोटो. व्हायरस आला तो प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात नेलेल्या पेन ड्राइव्हमधून. उघडून बघतो तर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट, प्रत्येक आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण. मग डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद पडला, तो चालूच होईना. रिस्टोअर पॉइंट निवडला की बराच वेळ चक्र फिरायचं आणि शेवटी 'डिड नॉट कम्प्लीट सक्सेसफुली'. विंडोज आतूनच नव्याने टाकणारं 'रिसेट धिस पीसी'सुद्धा अर्ध्यावरून मागे फिरलं.

यामागचं कारण समजून घ्या. सिस्टिम रिस्टोअर म्हणजे अँटिव्हायरस नव्हे. ते विंडोजच्या फाईली, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) मागच्या तारखेला नेतं, एवढंच. पुष्कळ व्हायरस रिस्टोअर पॉइंटच बिघडवतात आणि रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तर बहुतेकदा शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती, उडवूनच टाकतं. कधी कधी अँटिव्हायरसने धरून ठेवलेल्या फाईलीमुळेही रिस्टोअर अडतं. म्हणून सेफ मोडमधून (फक्त गरजेपुरतं विंडोज सुरू करून) एकदा रिस्टोअर आणि एकदा डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधीची तपासणी), एवढं जरूर करून बघा. त्यापुढे नाही.

गणपतीला मुंबईहून आलेला भाचा म्हणाला, "मामानू, आधी फायली भायर काढूया, मगे विंडोजचा काय ता बघूया." त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) पेन ड्राइव्ह बनवला आणि आमचं मशिन त्यावरून सुरू केलं. डिस्कवरचं विंडोज चालूच होत नसल्याने त्यातला व्हायरसही जागा होत नाही. विंडोजमध्ये गायब झालेले फोल्डर इथे सरळ दिसले. व्हायरसने ते पुसले नव्हते, 'हिडन' करून ठेवले होते. पेन ड्राइव्हवर तर नावच नसलेलं एक फोल्डर निघालं, सगळा माल त्याच्या पोटात! फोटो, एक्सेल आणि पीडीएफ तेवढे एक्स्टर्नल डिस्कवर घेतले, .ईएक्सई आणि शॉर्टकट एकही नाही. फॉन्टचं फोल्डरही आठवणीने घ्या. जुन्या मराठी फॉन्टमधली बिलं त्याच्याशिवाय नुसती इंग्रजी चिन्हं दाखवतात.

विंडोजसाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो, तोही स्वच्छ कॉम्प्युटरवरच बनवायचा. इन्स्टॉल करताना कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवरची सगळी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) उडवली. आमचं विंडोज आधीच ॲक्टिव्हेट होतं, त्यामुळे 'प्रॉडक्ट की नाही' निवडलं तरी नेट जोडल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं. यूपीएस मात्र हवाच. पावसात आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि मध्येच मशिन बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पासवर्ड मोबाइलवरून बदलले आणि ब्राउझरचं सिंक लगेच सुरू केलं नाही, कारण खराब एक्स्टेंशन त्याच वाटेने परत येतं.

आता हंगामाचा अनुभव. मशिन पहिल्यापेक्षा हलकं चालतं. वेगळा अँटिव्हायरस घेतला नाही, डिफेंडर पुरला. रोजच्या कामाला साधं अकाउंट, ॲडमिनचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. पोरांना सुरुवातीला जड गेलं, पण काहीही परस्पर इन्स्टॉल होणं थांबलं. डिफेंडरच्या 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'ने (अनोळखी प्रोग्रॅमना फाईली बदलू न देणारी सोय) आमचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर अडवलं, ते परवानगीच्या यादीत घालावं लागलं. ऐन तोडणीत याचा त्रास झाला, म्हणून या उपायाला पाचपैकी चारच तारे.

बॅकअपच्या दोन डिस्क आहेत. एक घरी, काम झालं की लगेच काढून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कारण आमच्या दमट हवेत बुरशी कशालाही सोडत नाही. दुसरी भाच्याकडे मुंबईला. शिमग्याला तो आला तेव्हा अदलाबदल केली, आता गणपतीला पुन्हा.

रॅन्समवेअरने फाईली कुलूपबंद केल्या असतील तर कोरं विंडोज टाकून त्या उघडत नाहीत. त्या तशाच जपून ठेवा आणि २०१६ साली युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम'वर मोफत किल्ली आहे का ते तपासा. बँक खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन, कॉम्प्युटर नंतर.

आमचं मशिन जुनं, त्यात टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, म्हणजे विंडोज ११ नियमाप्रमाणे चढत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सध्या वाढीव सुरक्षा अपडेटवर चाललंय, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्याआधी बिलिंग सॉफ्टवेअर मिंटवर चालतं का ते भाचा गणपतीत बघणार आहे.