दुकानातली दोन मशीनं: विंडोज ११ आणि लिनक्स मिंटच्या सेटिंग्ज, काही महिने वापरल्यानंतर

अमळनेरला माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून त्या वर्षीच्या उन्हाळ्याआधीच दोन्ही मशीनांची सिस्टीम बदलून घेतली. लॅपटॉपवर विंडोज ११ आलं. जुना डेस्कटॉप सहाव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा, विंडोज ११ च्या अटीत न बसणारा, म्हणून त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपवाली. स्पीड आणि दिसणं यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त सेटिंग्जबद्दल लिहितो, कारण गिऱ्हाईक समोर उभं असताना वेळ तिथेच जातो.

विंडोजचं दुखणं जुनंच आहे. कंट्रोल पॅनल १९८५ च्या पहिल्या विंडोजपासूनचं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्याच्या शेजारी नवं पान आलं, २०१५ च्या विंडोज १० मध्ये ते 'सेटिंग्ज' म्हणून मोठं झालं, आणि ११ मध्येही दोन्ही नांदतायत. भावांच्या वाटण्या झाल्या, पण चूल अजून जुन्याच घरात, असा प्रकार. माउसच्या पानावर खालच्या 'जादा सेटिंग्ज'वर क्लिक करा, थेट जुनी राखाडी खिडकी उघडते.

फास्ट स्टार्टअपही जुन्याच घरात, पॉवर ऑप्शन्समध्ये, 'पॉवर बटण काय करेल' याच्या आत. हे चालू असेल तर 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नसतं. विंडोज आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच उचलते. त्यामुळे ड्रायव्हर (प्रिंटरसारखं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) अडकला असेल तर मशीन बंद करून चालू केलं तरी तो अडकलेलाच राहू शकतो, रीस्टार्ट केलं की सुटतो. आमच्याकडे लाईटीचा भरवसा नाही, दिवसातून मशीन बंद-चालू होतच असतं. म्हणून हे मी बंद करून टाकलं. मशीन उठायला थोडं जास्त घेतं, घेऊ दे.

आता प्रिंटर. एक काळा-पांढरा लेसर, एक रंगीत इंकजेट. विंडोजमध्ये एक बटण आहे: डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या. ते चालू असलं की शेवटचा वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो. कुणी एक रंगीत फोटो काढून नेला, की पुढच्या माणसाचा सातबारा गुपचूप इंकजेटकडे जातो. कागद हळूहळू सरकत बाहेर येतो आणि पारोळ्याकडचे एक बाबा विचारतात, "हाई काय शे भाऊ?" बटण सांगितलेलं कामच करतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिफॉल्ट बदलला हे ते स्वतःहून कुठेच सांगत नाही. आणि ते चालू असेपर्यंत प्रिंटरच्या पानावर 'डिफॉल्ट करा' हे बटणही दिसत नाही. म्हणजे माणूस शोधत बसतो. मिंटवर एकदा ठरवलेला प्रिंटर मी बदलेपर्यंत तोच राहिला.

आपण न बदललेली सेटिंग बदलली, तर ती बदलली हे कळायला हवं, आणि आधी काय होतं तेही. या मापाने मोजलं तर मिंट माझ्या लेखी पुढे आहे. त्याच्या पॅनलमधल्या बहुतेक निवडी डीकॉन्फ नावाच्या कोठारात जातात. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाईप करायच्या खिडकीत, 'डीकॉन्फ वॉच' चालू ठेवून पॅनलमधलं एखादं बटण दाबलं, की कुठली नोंद बदलली आणि तिचं नवं मूल्य काय, त्याची ओळ तिथल्या तिथे उमटते. मी आमच्या पोराला हे दाखवलं तर तो अर्धा तास बटणंच दाबत बसला. 'डीकॉन्फ डंप'ने सगळ्या नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढता येतात आणि नंतर परत भरता येतात. विंडोजमध्ये रजिस्ट्रीचा, म्हणजे तिथल्या सेटिंग्जच्या कोठाराचा, तुकडा एक्सपोर्ट करता येतो, पण त्या जंगलात नेमका कुठला तुकडा, हे आधी माहीत पाहिजे.

मिंटचं सगळंच गोड आहे असं मात्र नाही. मे महिन्यात खान्देशात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि पत्र्याखाली मशीन नुसतं धापा टाकतं. विंडोजवर पॉवर प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड खिडकीत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, पंखा शांत होतो. टायपिंगला काही फरक पडत नाही. (काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो.) मिंटच्या पॅनलमध्ये असं काही सापडलं नाही. तिथे सिस्टीमच्या पोटात 'नो टर्बो' नावाची फाइल आहे, तीत ० च्या जागी १ लिहायचा. काम होतं, पण रीस्टार्ट झालं की परत ०, म्हणून सुरुवातीलाच चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकावं लागलं. दुकानदाराने हे का करावं?

मराठी टायपिंगला दोन्हीकडे त्रास नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डबरोबर २०१९ पासून फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाईप करायचा) आहे, मिंटमध्येही दोन्ही आहेत. प्रत्येक खिडकीला वेगळा कीबोर्ड ठेवायची सोय दोघांत आहे, ती लगेच चालू करा. अर्ज मराठीत आणि ईमेल इंग्रजीत, सारखं बदलावं लागत नाही.

भाच्याच्या मॅकवरही डोकावलो. तिथे २०२२ च्या व्हेन्चुरा आवृत्तीपासून सेटिंग्ज फोनसारख्या लांब यादीत आल्यात. मला सरकवायचाच कंटाळा आला.

जाता जाता: आज 'विप्रो' म्हटलं की लोकांना कॉम्प्युटर आठवतात, पण ती कंपनी १९४५ साली आमच्या अमळनेरातच वनस्पती तुपाची म्हणून सुरू झाली.

नवं विंडोज मशीन हातात येताच मी आता ठरावीक कामं उरकतो: डिफॉल्ट प्रिंटरचं बटण बंद, फास्ट स्टार्टअप बंद, सिस्टीम प्रोटेक्शन चालू करून एक रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर मागे जायची खूण. हे शेवटचं बऱ्याच मशीनवर बंदच असतं, आणि तेही कंट्रोल पॅनलच्याच जुन्या खिडकीत मिळतं.