नेरूळचं घर, नूतनीकरण आणि माझे बुडालेले १७ लाख ४० हजार

जुना फ्लॅट घ्यायचा, आतून चकाचक करायचा, पाच-सहा महिन्यांत विकायचा आणि नफा अर्धा-अर्धा, असं ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी तुम्हाला सांगत असेल तर त्याला आधी एकच विचारा: रजिस्टर्ड साठेखत, म्हणजे सरकारदरबारी नोंदवलेला खरेदीचा करार, माझ्या नावावर होणार का? "त्याची गरज नाही ताई" असं उत्तर आलं की चहासुद्धा न घेता तिथून उठा.

मी उठले नाही. माझे १८ लाख ९० हजार रुपये गेले, त्यातले दीड लाख परत आले. ही रक्कम लिहिताना आजही हात कापतो. ह्यांचं म्हणणं, "जगाला कशाला सांगतेस, लोक नावं ठेवतील." ठेवू देत. मला फसवणारा ठेकेदार अजून हेच करत फिरतोय आणि आम्ही तोंड दाबून बसायचं, हे मला मान्य नाही.

पैसे कुठले होते तेही सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की हावरटपणा केला. डोंबिवलीचं आईचं घर विकलं, त्यातला माझा वाटा होता. बँकेत ठेवून व्याज किती येतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः लेखा विभागात नोकरी केलेली बाई आहे. व्हाउचर तपासल्याशिवाय सही करायची नाही, हे अंगात मुरलेलं. आणि हा ठेकेदार काही रस्त्यावरचा नव्हता. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत त्याने बाथरूमचं वॉटरप्रूफिंग केलं होतं, गच्चीवर कोबा केला होता, एक थेंब गळला नाही. घरी यायचा, ह्यांना साहेब म्हणायचा, मला ताई. अशा माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा?

२०२५ च्या जानेवारीत तो नेरूळचं घर घेऊन आला. सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, बांधलेली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, एक बेडरूम. मालक म्हातारे, कराडकडे गावी राहतात, त्यांना विकून मोकळं व्हायचंय, सगळे अधिकार मला दिलेत, असं त्याने सांगितलं. मालकाला ४४ लाख, काम आठ लाखांचं, विक्री ६६ ला. १४ लाख नफा, सात तुमचे, सात माझे. अटल सेतू झालाच आहे, विमानतळ याच वर्षी सुरू होतोय, मग नेरूळ कोणाच्या हाती लागणार नाही, वगैरे. हे पालुपद नवी मुंबईतल्या प्रत्येक एजंटच्या तोंडी असतं, ते सांगायला नकोच.

खरी मेख पुढे होती. तो म्हणाला, "ताई, तुमच्या नावावर करायचं तर बायकांची सवलत धरूनसुद्धा सहा टक्के स्टॅम्प ड्युटी. ४४ लाखांवर २ लाख ६४ हजार, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार. पाच महिन्यांत विकायचंच आहे ना? मग सरकारला तीन लाख कशाला घालायचे? मालकाकडून थेट नव्या पार्टीच्या नावावर करून देऊ. तोवर आपला एमओयू, आपसातला समजुतीचा करार."

हे ऐकून तुम्हाला लगेच खटकलं असेल. पण बाजारात विचारून बघा. अर्धे एजंट हेच सांगतात, आणि हिशोब मांडला तर पटतंसुद्धा. ड्युटी, दोन्ही वेळची दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी, सिडकोचं हस्तांतर शुल्क, वर दोन वर्षांच्या आत विकलं म्हणून नफा सरळ उत्पन्नात धरून त्यावरचा कर, हे सगळं रीतसर भरलं तर १४ लाखांतलं हातात फारसं काही उरत नाही. म्हणजे या धंद्यातला जो नफा आपल्याला दाखवतात तो बराचसा कागद न करण्यातूनच येतो. ही गोष्ट नीट डोक्यात बसवा. कागद केला तर नफा नाही, आणि कागद नाही केला तर घरच आपलं नाही.

एमओयू ५०० च्या स्टॅम्पवर, नोटरी केलेला. त्यात तो 'मालकाचे कुलमुखत्यार', म्हणजे मालकाने आपल्या वतीने अधिकार दिलेला माणूस, म्हणून सही करतो. कुलमुखत्यारपत्राचं पहिलं आणि चौथं पान मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं, गोल शिक्क्यासकट. मधली दोन पानं "स्कॅन नीट आलं नाही" म्हणून नंतर देतो म्हणाला. त्याच मधल्या पानावर लिहिलं होतं की सोसायटीशी पत्रव्यवहार करणे, बिले भरणे आणि दुरुस्ती करून घेणे. विक्रीचा शब्दसुद्धा नव्हता. आणि असता तरी काय? नुसत्या कुलमुखत्यारपत्राने घराची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. शिवाय नात्यात नसलेल्या माणसाला घर विकण्याचे अधिकार द्यायचे तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताइतकीच ड्युटी लागते. म्हणजे ५०० च्या स्टॅम्पवरचा कागद दाखवून परका माणूस घर विकायला निघाला, की तिथेच समजायचं. मला हे वकिलाने सांगितलं, पण पैसे गेल्यावर.

टोकन २ लाख ५१ हजार, मग ७ लाख ४९ हजार आरटीजीएसने. हे दहा लाख 'मालकाला'. पण टाकले ठेकेदाराच्याच खात्यात, कारण "मालकांचं खातं गावच्या पतपेढीत आहे, तिथे आरटीजीएस होत नाही". कामासाठी साडेतीन लाख, मग २ लाख ८०, मग १ लाख ९५ हजार. आणि ६५ हजार रोख, सिडकोच्या फाईलसाठी. सिडकोची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, घर नावावर करायला परवानगी लागते, हे खरंच आहे. फक्त असा कुठला अर्ज कधी गेलाच नव्हता. मालकाला द्यायची रक्कम मालकाच्याच खात्यात टाका. खातं नसेल तर उघडून घेऊ दे त्याला, आपल्याला काय घाई आहे?

आता ती गोष्ट सांगते जी आठवली की रात्री झोप उडते.

मार्चमध्ये मी टाइल्स बघायला नेरूळला गेले होते. काम जोरात होतं, ओट्याची जुनी कडप्पा काढून काळा ग्रॅनाइट बसवत होते. उतरताना तळमजल्यावर सोसायटीचा फलक दिसला. काचेच्या आत, पाणीकपातीच्या सूचनेशेजारी, दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज टाचणीने लावला होता. त्यात मालकांचं नाव, डेब्रिजपोटी दहा हजार अनामत आणि खाली एक ओळ: 'मी स्वतः कुटुंबासह राहण्यास येणार असल्याने अंतर्गत दुरुस्ती करीत आहे.'

मी ती ओळ वाचली. दोनदा वाचली. खाली मालकांची सहीसुद्धा होती, थरथरत्या हाताची.

मी तिथूनच त्याला फोन लावला. तो हसून म्हणाला, "अहो ताई, विकायचंय म्हटलं तर कमिटी डोनेशन मागते. म्हणून राहायला येतोय असं लिहायचं असतं." घर नव्या माणसाच्या नावावर करताना सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही हे मला माहीत आहे, पण वेगवेगळ्या नावाखाली लाख-दोन लाख मागणाऱ्या कमिट्याही मी पाहिल्या आहेत. आमच्याच नात्यात हे झालंय. म्हणून ते उत्तर पटलं, कोणालाही पटलं असतं. पण मालकांचं नाव समोर होतं, सेक्रेटरीचं घर पहिल्या मजल्यावर होतं. बेल वाजवून "यांचा गावचा नंबर द्या" एवढंच म्हणायचं होतं. खाली रिक्षा उभी होती, सानपाड्याहून ठाण्याची लोकल गाठायची होती. त्या पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. तेव्हा कामाचे शेवटचे १ लाख ९५ हजार आणि फाईलचे ६५ हजार द्यायचेच होते. निदान ते तरी वाचले असते.

मे संपला, गिऱ्हाईक काही येईना. "पावसाळ्यात मार्केट थंड असतं." त्याने सुरुवातीलाच हमी म्हणून दहा लाखांचा चेक दिला होता, "विक्री होईपर्यंत टाकू नका" म्हणून. जूनमध्ये बँकेत टाकायला गेले तर तारीख जानेवारीची, तीन महिने उलटलेले, चेक बाद. टाकू नका असं तो का सांगत होता ते तेव्हा कळलं. चेक मुदतीत टाकून वटला नसता तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस देऊन कलम १३८ खाली केस तरी करता आली असती. चेक कपाटात ठेवू नका, मुदतीतच बँकेत टाका.

ऑगस्टमध्ये मी न कळवता गेले. दार उघडं. आत एक आजोबा, त्यांची सून आणि सामानाची खोकी. सून स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या एकेक ओढून बघत होती, सॉफ्ट क्लोज आहेत म्हणून खूश. ओट्यावरच्या फिकट हिरव्या टाइल्स मी निवडल्या होत्या, माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात होत्या तशा.

"या ना बाई, कोण आपण?" आजोबा म्हणाले.

मी म्हटलं, "काका, हे घर तुम्ही विकताय ना?"

त्यांना काही कळेचना. घर विकायचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. नातवाला नेरूळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून राहायला आले होते. दुरुस्तीसाठी त्यांनी त्या माणसाला चार लाख दिले होते, आणि एवढ्या पैशात एवढं चांगलं काम केलं म्हणून सून त्याचं कौतुक करत होती! कुलमुखत्यारपत्राची मधली पानं त्यांनीच मला दाखवली. त्यांचा दोष नाही, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण माझ्या आईच्या घराचे पैसे त्या भिंतींना लागलेत आणि कायद्याने मी तिथे कोणीही नाही.

त्याच्या घरी जाऊन आरडाओरडा केला तेव्हा दीड लाख यूपीआयने टाकले. मग फोन बंद.

आणि आता पोलीस. ठाण्यातल्या पोलीस ठाण्यात गेले तर "घर नेरूळला, तिकडे जा". तिकडे गेले तर "पैसे ठाण्याच्या खात्यातून गेलेत, तिकडे जा". १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यायलाच हवी. हे कलम मी छापून नेलं होतं. साहेबांनी कागद हातात घेतला नाही. "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे. तुम्ही दोघं पार्टनर, तुमचा व्यवहार फिसकटला, कोर्टात जा." पार्टनर! माझ्या नावावर एक वीट नाही आणि मी पार्टनर! मालकाचे अधिकार नसताना आहेत असं सांगून दहा लाख घेणं ही फसवणूक नाही तर काय? दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, असा ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. फार तर व्यापारी व्यवहारात आधी प्राथमिक चौकशी करा म्हणतो तो निकाल. मग करा ना चौकशी! एका अंमलदाराने तर दीड लाखांची यूपीआयची नोंद बघून सांगितलं, "त्याने काही पैसे परत दिलेत, म्हणजे फसवायचा हेतू दिसत नाही." जे मी ओरडून मिळवले तेच माझ्याविरुद्ध! शेवटी साधा अर्ज घेतला, त्यावर आवकचा शिक्का मारायलासुद्धा "साहेब जेवायला गेलेत".

दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात त्याच्या व्हिजिटिंग कार्डावरचा रेरा नंबर, म्हणजे घरांच्या एजंटचा सरकारी नोंदणी क्रमांक, घेऊन गेले. नंबर भलत्याच माणसाचा निघाला. "नंबर तुमच्या माणसाचा नाही, म्हणजे तो आमच्याकडे नोंदलेला एजंट नाही, म्हणून आम्ही काही करू शकत नाही." हे उत्तर मला बाईंनी शांतपणे, डोळ्यांत बघून दिलं. कार्डावरचा रेरा नंबर संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का बघा, दोन मिनिटं लागतात. आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्या फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढा, घर कोणाच्या नावावर आहे ते घरबसल्या दिसतं. मग त्या नावाच्या माणसाला प्रत्यक्ष भेटा, फोनवर नाही. फोनवर माझ्याशीही एक 'मालक' बोलला होता, सातारी बोलीत, अगदी गोड.

साइटचे फोटो, टाइल्सची बिलं, व्हॉट्सअॅपवरचे आवाज, काही पुसू नका. बिलावर कोणाचं नाव आहे ते जरूर बघा. माझ्या टाइल्सची बिलं मालकांच्या नावावर होती आणि मी नुसती रक्कम तपासत राहिले.

विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबरला झालं. त्याच आठवड्यात मी पोलीस उपायुक्तांकडे लेखी तक्रार पाठवली, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. त्यावर उत्तर नाही. वकिलांनी आता दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज तयार केला आहे. त्यांचं म्हणणं, एकच तक्रारदार असला की 'सिव्हिल मॅटर' म्हणून वाटेला लावतात, दोन-चार जण आले की आर्थिक गुन्हे शाखेला लक्ष घालावंच लागतं. तेव्हा नेरूळ, सानपाडा, जुईनगर, कोपरखैरणे या भागातलं सिडकोचं जुनं घर, वॉटरप्रूफिंगचं काम करणारा ठेकेदार, 'मालक गावी असतात' आणि ५०० चा एमओयू, हे तुमच्या बाबतीतही घडलं असेल तर लाजेने गप्प बसू नका. त्याने पाठवलेल्या फोटोंत काळा ग्रॅनाइटचा ओटा आणि फिकट हिरव्या टाइल्स असतील तर ते माझ्याच पैशाचं स्वयंपाकघर आहे. तो मेसेज तारखेसकट जपून ठेवा आणि तुमच्या हद्दीत आजच लेखी तक्रार द्या.