कन्व्हेन्शनल पॅनेल की ॲड्रेसेबल?

सात मजली सोसायटीसाठी कोणते फायर अलार्म पॅनेल घ्यावे, असा प्रश्न आमच्या सचिवांना पडला आहे. कन्व्हेन्शनलमध्ये झोन, म्हणजे पॅनेल एकत्र ओळखते तो इमारतीचा भाग, वायरिंगनेच ठरतो. मजल्याची स्वतंत्र केबल, तिच्या टोकाला रेझिस्टर (वायर तुटली तर पॅनेलला कळावे म्हणून). खर्च कमी, पण धूर कोणत्या खोलीत आहे हे माणसानेच शोधायचे. ॲड्रेसेबलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला (धूर ओळखणाऱ्या उपकरणाला) स्वतःचा क्रमांक असतो, आणि तिसऱ्या मजल्यावर धूर आला की कोणते हूटर (भोंगे) वाजावेत, लिफ्ट तळमजल्यावर यावी का, हे आउटपुट गट (एकत्र चालू होणारी उपकरणे) केबल न बदलता प्रोग्रॅममध्ये बांधता येतात. मात्र जिन्यातला डिटेक्टर चुकून पार्किंगच्या झोनमध्ये नोंदला, तर लोक भलतीकडे धावतील. म्हणून प्रत्येक डिटेक्टरवर चाचणीचा धूर सोडून पॅनेलवरचे नाव ताडून पाहावेच. मोजक्या झोनच्या इमारतीला कन्व्हेन्शनल पुरते. रुग्णालयाला ॲड्रेसेबलच हवे.