रोजच्या घटनांतून बोध: एका ख्रिस्ती मनन-सेवेचे परीक्षण

रोज सकाळी मोबाइलवर एक छोटे मनन पाठवणाऱ्या ख्रिस्ती सेवा आता पुष्कळ झाल्या आहेत. त्यांपैकी एका सेवेचे हे परीक्षण आहे. तिचे मनन शास्त्रभागापासून सुरू होत नाही, हे तिचे वेगळेपण. एखादा गाजलेला चित्रपट, अटीतटीचा सामना, कालची बातमी किंवा लिफ्ट बंद पडण्यासारखी किरकोळ घटना घेऊन ते सुरू होते आणि चार-पाचशे शब्दांत बायबलमधील एखाद्या वचनाशी येऊन पोहोचते. त्यानंतर वाचकासाठी एक प्रश्न आणि तीन-चार ओळींची प्रार्थना असते. सेवेचे नाव मी देत नाही, कारण पुढे सांगितलेले गुणदोष तिच्या एकटीचे नाहीत. या धाटणीच्या बहुतेक लेखनात ते आढळतात, आणि अशी कोणतीही सेवा निवडताना त्यांचा विचार करावाच लागतो.

रोजचे वचन वाचण्याची प्रथा जुनी आहे. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरावियन बंधू या प्रोटेस्टंट पंथात त्यांचे नेते त्सिंझेनडॉर्फ यांनी १७२८ मध्ये दररोज एक वचन देण्यास आरंभ केला, १७३१ पासून त्या वचनांचे वार्षिक पुस्तक छापले जाऊ लागले आणि ते आजही निघते. त्या परंपरेत वाचकाच्या हाती वचन दिले जाते. ते आपल्या दिवसाला कुठे लागू पडते, हे त्याचे त्याने शोधायचे असते. प्रस्तुत सेवेने हा क्रम उलटा केला आहे. ती आधी दिवस देते आणि मग वचनाकडे नेते. त्यामुळे एरवी बायबल न उघडणारा तरुणही पहिला परिच्छेद वाचतो, हा तिचा निर्विवाद फायदा आहे. मात्र लागूकरणाचे जे काम वाचकाने करायचे, ते लेखकाने आधीच करून ठेवलेले असते, आणि या सेवेतील बहुतेक दोष तिथूनच उगम पावतात.

चित्रपटाची आणि पवित्र शास्त्राची सांगड घालणेच गैर आहे, असे मानणारी मंडळी आहेत. इ.स. २०० च्या सुमारास टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने अथेन्सचा, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाचा, यरुशलेमेशी, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेशी, संबंधच काय, असा सवाल केला होता. ही हरकत तितकी जुनी आहे. मला ती पटत नाही. प्रभू येशूने हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे, पिठात कालवलेले खमीर आणि द्राक्षमळ्यातील मजुरांची रोजंदारी यांवरूनच देवाच्या राज्याविषयी सांगितले. प्रेषित पौलाने अथेनैकरांपुढे, म्हणजे अथेन्सच्या लोकांपुढे, बोलताना अरातस या ग्रीक कवीची ओळ उद्धृत केली, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात कुसंगतीविषयी जे वाक्य आहे ते मेनांडर या नाटककाराच्या सुखात्मिकेतून आलेले मानले जाते. तेव्हा प्रश्न सांगड घालावी की नाही हा नसून ती कशी घालावी हा आहे. अथेनैमध्ये पौलाने ‘अज्ञात देवाला’ असे लिहिलेल्या वेदीपासून आरंभ केला, त्यांच्याच कवीचा आधार घेतला आणि शेवटी तो मृतांच्या पुनरुत्थानावर आला, तेव्हा काहींनी त्याची थट्टा केली. श्रोत्यांना आवडणाऱ्या गोष्टीपासून निघून त्यांना न रुचणाऱ्या गोष्टीपर्यंत तो गेला. अशा मननाची कसोटी मी यावरूनच ठरवतो: वचन आल्यावर आरंभीच्या गोष्टीकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते का, की गोष्टीतून आधीच निघालेल्या निष्कर्षावर वचनाचा केवळ शिक्का मारला जातो?

या कसोटीला पूर्ण उतरलेले एक मनन सविस्तर सांगण्यासारखे आहे. त्याचा विषय चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर सरकत जाणारी नामावली हा आहे. लोक उठून दाराकडे निघालेले असतात, दिवे लागलेले असतात, आणि प्रकाशयोजनेतील मदतनीस, रंगभूषाकार, वाहनचालक, ध्वनिमुद्रण करणारे अशी शेकडो नावे रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांपुढून वर सरकत राहतात. आता ‘देव लहानांनाही विसरत नाही’ असे काहीतरी वाचावे लागणार, अशी माझी अटकळ होती. लेखकाने मात्र रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडला, जो बहुतेक वाचक नावांची यादी म्हणून ओलांडून जातात. तिथे पौल वीसहून अधिक माणसांना नावानिशी सलाम सांगतो. किंख्रियातील मंडळीची सेविका फीबी, पौलाच्या जिवासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारी प्रिस्क आणि अक्विला, फार श्रम केलेली मरिया, आणि जिला पौल स्वतःचीही आई म्हणतो ती रूफसाची आई असे सगळे त्या यादीत आहेत. पुढे तर हे पत्र ज्याच्या हाताने लिहिले गेले तो तर्तियस मध्येच स्वतःच्या नावाने सलाम सांगतो. लेखकाने इथे दाखवून दिले आहे, की नीतिमान ठरवले जाणे, कृपा, निवड अशा गहन विषयांवरील या पत्राचा शेवट या नावांवर येतो, आणि ती नावे वगळली तर ते शिक्षण कोणत्या माणसांमध्ये जगले गेले हेच हरवते. शेवटचा प्रश्नही नेमका आहे: तुमच्या मंडळीत उपासनेनंतर सतरंज्या गुंडाळणाऱ्या, खुर्च्या रचणाऱ्या माणसाचे पूर्ण नाव तुम्हाला ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हते.

जॉन न्यूटन यांच्यावरील मननही असेच प्रामाणिक आहे. ‘अमेझिंग ग्रेस’ या गीताची कथा सहसा अशी सांगितली जाते, की गुलामांच्या व्यापारातील हा खलाशी वादळात सापडला, त्याने देवाचा धावा केला आणि तो तत्क्षणी बदलला. ते वादळ १७४८ मधले. त्यानंतरही न्यूटन काही वर्षे गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचे कप्तान होते, आणि त्या व्यापाराविरुद्ध त्यांनी जाहीर पुस्तिका काढली ती १७८८ मध्ये. मननात हा चाळीस वर्षांचा काळ झाकलेला नाही. पश्चात्तापाला किती वेळ लागू शकतो आणि त्या वेळाची किंमत कोणी मोजली, हे त्यात विचारले आहे.

आता दुसरी बाजू. धावपटू एरिक लिडेल यांच्यावरील मनन बहुधा या सेवेतील सर्वाधिक वाचले जाणारे असावे, आणि माझ्या मते ते सर्वांत कच्चे आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे प्रभूच्या दिवशी न धावण्याचा निर्णय लिडेल यांनी घेतला, आणि पुढे चारशे मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. इथपर्यंत सारे खरे. मननात मात्र जहाजावर चढताना त्यांना ही बातमी कळते आणि ते त्या क्षणी पदकावर पाणी सोडतात, असे वर्णन आहे. हा प्रसंग १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटातला आहे. प्रत्यक्षात वेळापत्रक त्यांना काही महिने आधीच कळले होते आणि तो काळ त्यांनी वेगळ्या अंतराच्या शर्यतीच्या सरावात घालवला. चित्रपटाला नाट्य हवे असते, त्याबद्दल तक्रार नाही; परंतु बोध काढणाऱ्याने खरी हकीकत घेतली असती तर बोध अधिक सखोल झाला असता. क्षणात केलेला त्याग वाचकाच्या वाट्याला क्वचित येतो. हातची गोष्ट सोडून दुसऱ्या, आपल्याला कमी जमणाऱ्या गोष्टीसाठी महिनोन्महिने घाम गाळण्याची वेळ मात्र कोणावरही येते.

याहून गंभीर आक्षेप निष्कर्षावर आहे. लिडेल यांनी देवाचा मान राखला म्हणून देवाने त्यांना सुवर्ण दिले, असे मननात ठामपणे लिहिले आहे. मग पुढचे काय? १९२५ मध्ये ते मिशनरी म्हणून चीनला गेले. युद्ध जवळ आले तेव्हा त्यांनी गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी त्यांना कधीच पाहायला मिळाली नाही. चीनमधील वेइश्येन येथे जपान्यांच्या बंदी छावणीत, सुटकेच्या काही महिने आधी, फेब्रुवारी १९४५ मध्ये मेंदूतील गाठीमुळे त्यांचा अंत झाला. पदक आज्ञाधारकतेचे बक्षीस असेल, तर छावणीतील मृत्यू कशाचे फळ मानायचे? मननाच्या लेखकाला हा प्रश्न पडलेला दिसत नाही, कारण त्याची गोष्ट विजयमंचावर संपते.

खेळांवरील इतर मननांतही हीच खोड आहे. जिंकलेल्या संघाच्या हकिकतीला फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ या अर्थाचे वचन जोडले जाते. पौल ते बंदिवासातून लिहितो, आणि त्याच्या अगदी आधीच्या वचनात तृप्त असणे व उपाशी असणे या दोन्ही स्थितींत राहायला आपण शिकलो, असे सांगतो. म्हणजे ते वचन उपांत्य फेरीत हरून घरी परतलेल्या संघालाही लागू आहे, किंबहुना त्यालाच अधिक.

बातम्यांवरील मनने वाचताना तर मला प्रत्येक वेळी धास्ती वाटते. एका पुलाच्या दुर्घटनेवर दुसऱ्याच दिवशी आलेल्या मननात ‘आपल्या जीवनाचा पाया कशावर आहे?’ असा प्रश्न होता. वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला त्याला चपखल बसत होता, आणि नेमके तेच खटकले. जे गेले त्यांची घरे अजून शोकात होती. त्यांचे मरण दुसऱ्या कोणाच्या आत्मिक उन्नतीचे उदाहरण झाले होते. ताज्या दुर्घटनेवर बोलण्याची पद्धत शुभवर्तमानातच दिलेली आहे, आणि ती या सेवेच्या संपादकांनी भिंतीवर लावून ठेवावी. लूकच्या तेराव्या अध्यायात काही लोक रोमन सुभेदार पिलाताने ठार केलेल्या गालीलकरांची बातमी येशूकडे आणतात. तो स्वतःहून दुसरी बातमी जोडतो: शिलोहातील बुरूज पडून अठरा जण मेले. ते अठरा जण यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हाला वाटते का, असे विचारून तो स्वतःच ‘नाही’ म्हणतो आणि मग ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. मृतांच्या वाट्याला त्याने कोणताही अर्थ चिकटवला नाही. पुलाच्या मननातही मृतांवर उघड ठपका नव्हता, हे मान्य; पण पाया कच्चा असलेल्याचे घर कोसळते हा दाखला दुर्घटनेशेजारी ठेवला, की तो ठपका वाचकाच्या मनात आपोआप उमटतो.

शेवटच्या प्रश्नांचा दर्जा फार वरखाली होतो. ‘तुमच्या ओळखीत असा अहंकारी कोणी आहे का?’ हा प्रश्न वाचून वाचकाला शेजारी, साहेब, नाहीतर जाऊबाई आठवणार, हे सांगायला नको. नाथान संदेष्ट्याने श्रीमंताने गरिबाची कोकरी हिरावल्याची गोष्ट दुसऱ्याची पत्नी हिरावणाऱ्या दावीद राजाला सांगितली, तेव्हा राजाही दुसऱ्याच कोणावर संतापला होता. ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे वाक्य नसते तर ती गोष्ट तिथेच वाया गेली असती.

तांत्रिक बाजू समाधानकारक आहे. ध्वनिमुद्रित वाचन स्वच्छ आहे, वाचणाऱ्याचा स्वर प्रवचनी नाही आणि जाहिराती मध्ये येत नाहीत. जुनी मनने शास्त्रभागानुसार शोधता येतात, विषयानुसार मात्र शोध नीट लागत नाही. इतरांना पाठवण्यासाठी जे सचित्र कार्ड तयार होते, त्यात वचनाचा अर्धाच भाग घेतलेला असतो आणि संदर्भ इतक्या बारीक अक्षरांत असतो की ज्येष्ठांना तो दिसू नये. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील भवितव्याची आशा देणारे वचन या कार्डांवर वारंवार येते. बाबेलची (बंदिवासाची) सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर हे घडेल, असे त्याच्या लगेच आधी म्हटले आहे, ते एकाही कार्डावर मला दिसले नाही.

एकट्याने वाचण्यापेक्षा तरुण संघात किंवा कौटुंबिक प्रार्थनेत ही सेवा अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. मनन वाचून झाल्यावर दिलेले वचन बाजूला ठेवून त्याच्या मागचापुढचा अख्खा अध्याय मोठ्याने वाचावा आणि लेखकाचा निष्कर्ष त्यात टिकतो का, हे सर्वांनी मिळून पाहावे. टिकला नाही तर चर्चा अधिक रंगते. आमच्या गटात लिडेल यांच्या मननावर तासभर वाद झाला आणि एरवी गप्प बसणारी मुलेही त्यात उतरली. नवख्या विश्वासणाऱ्याला मात्र आधाराशिवाय ही सेवा देऊ नये. त्याने आधी एखादे शुभवर्तमान सलग वाचावे.

लिडेल यांच्या मननातील चुकीबद्दल मी संपादकांना लिहिले. उत्तर सौजन्याने आणि लवकर आले. जहाजाचा प्रसंग काढून टाकण्यात आला आहे, वेळापत्रक आधी कळल्याचे आता त्यात नमूद आहे. सुवर्णपदक हे बक्षीस होते, हे शेवटचे वाक्य त्यांनी जसेच्या तसे ठेवले आहे.