डोमेन कुठल्या कंपनीकडे ठेवावं? दीडेक वर्षाच्या वापरानंतर

नांदेडला माझं वेबसाइट आणि छपाईचं काम आहे. गिऱ्हाईक सगळं आसपासचं. नीटचे क्लासेस, काही दवाखाने, जालन्याकडची मोसंबीची एक रोपवाटिका, वसमतची हळदीची शेतकरी उत्पादक कंपनी. यांची डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, हेही मीच बघतो. गेल्या दीडेक वर्षात ती सगळी जुन्या ठिकाणांहून हलवली. .कॉमवाली क्लाउडफ्लेअर या अमेरिकन कंपनीकडे नेली आणि .इनवाली एका भारतीय रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे. भारतीय कंपनीचं नाव देत नाही, कारण तिच्याबद्दल तक्रारीही लिहिणार आहे.

हलवण्याची वेळ आली ती वसमतच्या कंपनीमुळे. त्यांची वेबसाइट पूर्वी दुसऱ्या एका माणसाने केली होती. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची जागा), ईमेल असं सगळं एकत्र, वर्षाला एकच रक्कम. हळद काढणी संपून शिजवण-पॉलिश चालू होतं, पुण्या-मुंबईकडच्या ऑर्डरी यायचे दिवस होते, आणि एका सकाळी साइटच्या जागी जाहिरातींचं पान दिसायला लागलं. तो माणूस फोन उचलेना. पाकिटांचा छापील रोल नुकताच आलेला, आणि प्रत्येक पाकिटाच्या मागे परवाना क्रमांकाच्या खाली त्याच साइटचा पत्ता छापलेला. नाव दुसऱ्या कोणी उचललं असतं तर तो रोल रद्दीत गेला असता.

मी आयकॅनच्या (डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या) शोधपानावर नाव टाकून पाहिलं. तिथे मुदत संपल्याची तारीख होती आणि रजिस्ट्रार म्हणून एका मोठ्या कंपनीचं नाव होतं. ज्याला आम्ही ‘डोमेनवाला’ समजत होतो तो फक्त रिसेलर, म्हणजे मधला विक्रेता होता. अध्यक्षकाकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “अरे बाबा, पैसे दरसाल आपण भरले आणि नाव दुसऱ्याच्या खात्यात कसं काय?” सातबाऱ्यावर नाव कोणाचं, हे विचारल्याशिवाय आपल्याकडे कोणी जमिनीचा व्यवहार करत नाही. डोमेनच्या बाबतीत मात्र तो प्रश्न विचारायचाच राहून जातो.

म्हणून आधी ही साखळी समजून घ्या. .कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे आणि .इनची आपल्या निक्सीकडे (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया). या दोघींना रजिस्ट्री म्हणतात. त्यांच्याकडे नोंद करण्याची मान्यता असलेला तो रजिस्ट्रार. रजिस्ट्रारचा माल पुढे विकणारा तो रिसेलर. रिसेलरने दुकान बंद केलं तरी नाव लगेच नाहीसं होत नाही, ते वरच्या रजिस्ट्रारकडे असतं. पण त्या नोंदीत मालक म्हणून कोणाचं नाव आहे आणि कोणाचा ईमेल आहे, यावर सगळं अडतं. मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि संपल्यानंतर 5 दिवसांच्या आत सूचना पाठवणं हे आयकॅनच्या नियमाने रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. त्या सूचना गेल्या असणारच. पण नोंदीतला ईमेल त्या रिसेलरचा होता.

.कॉमसारख्या नावाची मुदत संपली की रजिस्ट्रारला 45 दिवसांपर्यंत सवड असते. त्यातली तुम्हाला किती द्यायची हे तो ठरवतो. नंतरच्या 30 दिवसांत नाव परत मिळतं, पण त्यासाठी नूतनीकरणाशिवाय वेगळा, चांगलाच जड आकार लागतो. त्यानंतरचे 5 दिवस नाव खोडण्याच्या रांगेत असतं, तेव्हा कोणालाच काही करता येत नाही. मग ते बाजारात खुलं. आम्ही पहिल्याच टप्प्यात होतो म्हणून सुटलो. थेट रजिस्ट्रारला लिहिलं, कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि लेटरहेडवर अध्यक्षांच्या सहीचं पत्र पाठवलं. त्यांनी कागद तपासून नोंदीतला मालक आणि ईमेल बदलून दिला, आम्ही तिथेच नूतनीकरण केलं. मालकाच्या नोंदीत असा बदल झाला की सहसा 60 दिवस नाव दुसरीकडे नेता येत नाही. ते दिवस थांबलो आणि मग हलवलं.

तेव्हापासून रजिस्ट्रार निवडताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: नाव खात्रीने माझ्या गिऱ्हाइकाच्या मालकीचं राहील का आणि त्याला हवं तेव्हा ते नेता येईल का. दर, सवलत, फुकटचं होस्टिंग हे सगळं त्यानंतर. मोठी कंपनी म्हणजे कायमची, असंही नाही. 2007 साली रजिस्टरफ्लायची मान्यता आयकॅनने काढून घेतली तेव्हा हजारो लोकांची नावं लटकली होती. गुगलनेही 2023 मध्ये आपला डोमेनचा धंदा स्क्वेअरस्पेसला विकला. म्हणजे आज ना उद्या हलवावं लागेल हे धरूनच चालावं.

आता क्लाउडफ्लेअर. 2018 पासून ते रजिस्ट्रारचं काम करतात आणि रजिस्ट्रीचा घाऊक दर अधिक आयकॅनचं किरकोळ शुल्क, एवढंच घेतात. .कॉमचा घाऊक दर बरीच वर्षं 7.85 डॉलर होता, तो 2021 पासून चढत जाऊन सप्टेंबर 2024 पासून 10.26 डॉलर झाला. हा आकडा लक्षात ठेवा. कारण जी कंपनी .कॉम पहिल्या वर्षी शंभर-दीडशे रुपयांत देते ती पदरचे पैसे घालून देते, आणि ते पैसे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तुमच्याकडूनच काढते. माझ्या एका क्लासवाल्या सरांचं पहिल्या वर्षीचं बिल आणि दुसऱ्या वर्षीचं बिल शेजारी ठेवलं तर ते एकाच वस्तूचं आहे हे पटत नाही. जाहिरातीत पहिल्या वर्षाचा दर मोठ्या अक्षरात असतो. तुम्ही नूतनीकरणाचा दर शोधून मगच पैसे भरा. क्लाउडफ्लेअरकडे दोन्ही दर सारखेच आहेत, कर वेगळा.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट खात्याच्या रचनेतली आहे. वसमतच्या कंपनीचं खातं कंपनीच्याच नावाने उघडलं आणि मला त्यात सदस्य म्हणून घेतलं. मी काम करू शकतो, आणि उद्या माझं त्यांच्याशी पटलं नाही तर अध्यक्षकाका मला एका क्लिकमध्ये काढून टाकतील. हे असंच असायला हवं. आता प्रत्येक गिऱ्हाइकाचं खातं वेगळं आहे. मला काम थोडं वाढलं, पण कोणाचं नाव माझ्या खात्यात अडकलेलं नाही. मालकाचा पत्ता-फोन झाकण्याचे वेगळे पैसे नाहीत, नाव कोणी परस्पर हलवू नये म्हणून कुलूपबंद ठेवणं आणि डीएनएसची (नावामागे साइट आणि मेल कुठे आहेत हे सांगणाऱ्या नोंदींची) सही चालू करणं हेही तिथल्या तिथे होतं.

एक अट मात्र नीट वाचून घ्या. डोमेन क्लाउडफ्लेअरकडे ठेवायचं तर नेमसर्व्हरही, म्हणजे या डीएनएसच्या नोंदी ज्यावर असतात ते सर्व्हरही, त्यांचेच वापरावे लागतात. ज्यांना होस्टिंगवाल्याचेच नेमसर्व्हर हवेत त्यांनी तिकडे जाऊ नये. फुकटच्या योजनेत फोनवर मदत मिळत नाही आणि सगळं पान इंग्रजीत. ज्याला डीएनएसच्या नोंदी स्वतः वाचता येत नाहीत आणि विचारायला जवळ कोणी नाही, त्याला मी हे सुचवणार नाही.

हलवताना ईमेलची काळजी सर्वांत जास्त घ्यावी लागते. क्लाउडफ्लेअर जुन्या नोंदी स्वतः शोधून भरतं, पण सगळ्या सापडतीलच असं नाही. मेलच्या सहीची, म्हणजे डीकेआयएमची नोंद बहुतेक वेळा हातानेच टाकावी लागते. ती राहिली तर मेल जातात, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात. आपल्याला कळतही नाही आणि समोरचा म्हणतो, कोटेशन आलंच नाही. म्हणून मी जुन्या पॅनेलमधल्या सगळ्या नोंदींचे आधी फोटो काढून ठेवतो, नव्या ठिकाणी एकेक जुळवतो आणि मगच नेमसर्व्हर बदलतो. क्लासेसचं काम निकाल आणि प्रवेशाच्या दिवसांत घेतच नाही.

नाव दुसरीकडे नेण्यासाठी सोडवण्याचा कोड मागितल्यावर रजिस्ट्रारने तो 5 दिवसांच्या आत द्यायचा असतो. नव्या ठिकाणी कोड टाकल्यावर जुन्या कंपनीने काहीच केलं नाही तरी 5 दिवसांत नाव येतं. हलवताना भरलेले पैसे वाया जात नाहीत, मुदत एका वर्षाने पुढे जाते, फक्त एकूण 10 वर्षांच्या वर जात नाही. माझ्याकडची बहुतेक नावं अशी शांतपणे आली. एका कंपनीने मात्र कोडऐवजी सवलतीचे फोन सुरू केले. “सर, का सोडताय, पुढचं वर्ष अर्ध्या दरात देतो.” मी लेखी मागणी केली आणि नियमाचा उल्लेख केला, तेव्हा कोड आला.

पैसे भरण्याचा भाग आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल कोणी नीट सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. ऑक्टोबर 2021 पासून आपोआप पैसे कापून घ्यायलाही आधी रीतसर संमतीची नोंद लागते. त्यामुळे परदेशी कंपनीकडे ‘ऑटो रिन्यू’ चालू दिसत असलं तरी ऐनवेळी कार्ड नाकारलं जाऊ शकतं. मी त्यावर विसंबत नाही. मुदतीच्या दोन-तीन महिने आधी हातानेच पैसे भरतो. लवकर भरल्याने दिवस कमी होत नाहीत, वर्ष शेवटीच जोडलं जातं.

भारतीय कंपनीकडे हा त्रास नाही. यूपीआयने पैसे, 18 टक्के जीएसटीचं पक्कं बिल, दवाखान्याच्या सीएला तेच हवं असतं. फोन लागतो, हिंदीत नीट बोलतात. तक्रार आहे ती विक्रीच्या पद्धतीबद्दल. एक .इन नाव घ्यायला जावं तर बिलात ईमेल, ‘सुरक्षा’, वेबसाइट बिल्डर असं काय काय आधीच टिक करून ठेवलेलं. एकेक काढत बसावं लागतं. नवख्या माणसाचे पैसे तिथेच जातात आणि त्याला वाटतं डोमेनच एवढं महाग असतं. हे चुकीचं आहे आणि मी त्यांना लेखी कळवलंही आहे. नाव सोडवण्याचा कोडही पॅनेलमध्ये सहज सापडत नाही.

.इनसाठी केवायसी लागतं आणि मालकाची माहिती झाकण्याची सेवा निक्सीच्या धोरणात बसत नाही. केवायसीत आमचे दवाखानेवाले डॉक्टर अडकले होते. फॉर्मवर आधी आडनाव, पॅनवर शेवटी आडनाव, मध्ये वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अक्षर. जुळेना. पॅनवर जसं आहे तसंच अक्षरन्‌अक्षर भरल्यावर काम झालं. .कॉममध्ये केवायसी नसलं तरी नवीन नोंदणीनंतर किंवा ईमेल बदलल्यावर 15 दिवसांत मेलमधल्या लिंकवर जाऊन खात्री करावी लागते, नाहीतर नाव थांबवलं जातं. महिना-महिना मेल न उघडणाऱ्या गिऱ्हाइकाला मी समोर बसवून ते करून घेतो.

आणि हे तर प्रत्येकाने करावंच: रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद पडतो, आणि पासवर्ड बदलण्याची लिंक तुमच्यापर्यंत पोचतच नाही. वेगळा ईमेल ठेवा, आणि ओटीपीसाठी ऑथेंटिकेटर ॲप लावा. त्याचे राखीव कोड छापून कंपनीच्या दप्तरात ठेवा, कारण संचालक बदलतात आणि फोन बदलतात.

रोपवाटिकेसाठी देवनागरीतलं .भारत नावही घेतलं. 2014 पासून ते मराठीसाठी उपलब्ध आहे. बोर्डावर फार छान दिसतं आणि शेतकरी ते बघून लगेच वाचतात. पण काही ॲपमध्ये ते एक्स-एन अशा अगम्य इंग्रजी अक्षरांत उमटतं आणि त्यावरचा ईमेल सगळीकडे चालत नाही. म्हणून ते नाव फक्त मूळ साइटकडे वळवून ठेवलंय.

नाव हलवून झाल्यावर बऱ्याच गिऱ्हाइकांना एक मेल आला: कोणीतरी चीनमध्ये तुमच्या नावाचं डोमेन नोंदवतंय, तुम्हाला हवं असेल तर ताबडतोब कळवा. रोपवाटिकावाले दादा घाबरून पैसे भरायलाच निघाले होते. ही फसवणूक जुनी आहे. उत्तर देऊ नका. आणि नूतनीकरणाचं बिल म्हणून कुठलाही कागद आला तर आधी शोधपानावर आपला रजिस्ट्रार कोण आहे ते बघा, मग त्याच कंपनीच्या पॅनेलमध्ये स्वतः लॉगिन करून पैसे भरा, मेलमधल्या लिंकवरून नको.